तीन गाठींचा कुबडा

४ फेब्रुवारी

भिंगरे,

मी बोलतेय आणि तुझे बाबा लिहिताहेत. फिटरच्या हातात पेन म्हणजे पाना धरल्यासारखंच. कागद फाटला तर मला दोष देऊ नकोस. आणि उलट फोन करू नकोस. फोनवर मला 'हॅलो' तेवढं कळतं, पुढचं सगळं डब्यात खडे हलवल्यासारखं. पत्र कसं, दोनदा वाचून घेता येतं.

मुद्द्याचं विचारते. बी घातलंस का? थंडी आहे म्हणून हातावर हात ठेवून बसू नकोस. थंडी बाहेर आहे, बी घरात घालायचं. ऊन वाढेपर्यंत रोपं वीतभर झाली पाहिजेत. निघताना चार पुड्या दिल्या होत्या, आठव. मला अक्षर येत नाही म्हणून दोऱ्याला गाठी. एक गाठ मिरची, दोन गाठी वांगं, तीन गाठी कुबडा. बिनगाठीची पुडी बाजारच्या टोमॅटोची, ती उगीच, भरतीला. लहानपणी तू विचारायचीस, 'चार गाठी म्हणजे काय?' आणि मी म्हणायचे, तेवढं मोलाचं अजून काही सापडलं नाही.

कुबड्याला जप. पोक आलेला, देठाशी चिरलेला, दिसायला ओंगळ टोमॅटो, पण चवीला त्याच्या पासंगाला कुणी पुरत नाही. सासूने मला दिलेली ही एकच वस्तू, जी तिने नंतर परत मागितली नाही.

बी नखाएवढंच खोल. माती ओली हवी, चिखल नको. कोंब दिसला की लगेच उजेडात. तुमच्या हॉलची पूर्वेची ती मोठी खिडकी आहेच. घर बघायला आले तेव्हा मी तिथेच बसले होते. बाकी घरात बसायची भीतीच वाटली, उशासुद्धा रांगेत.

मी यंदा काही लावणार नाही. कंटाळा आलाय. तूच लाव.

आजी

(आई बोलते ते जसंच्या तसं लिहिलंय. जावईबापूंना नमस्कार सांग. — बाबा)


१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

आम्ही दोघं मजेत. बाबांना नमस्कार. ह्यांनीही सांगितलाय.

एक घोळ झालाय, रागावू नकोस. घर आवरताना मी पुड्या उघडल्या आणि सगळं बी एका बरणीत भरलं. बरणीवर चिठ्ठी लावली, 'बिया'. दोरे टाकून दिले. आता कुठलं बी कशाचं, काही कळत नाही. मी सगळंच पेरून टाकलं, आमच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये प्लास्टर कालवायला कागदी पेले असतात, त्यांत. तळाला भोकं पाडलीत. बावीस पेले आहेत. रोज दहादा माती उकरून बघावीशी वाटते. परवा एकात उकरलंच.

पुढचं पत्र लॅबच्या पत्त्यावर पाठव. घरी दिवसा कुणी नसतं.

मी केलेली कवळी टोचते का अजून? खरं सांग, घासून देते.

तुझी भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

कवळी टोचत नाही. बोलताना खटखटते तेवढी, त्याने तुझे बाबा दचकतात, म्हणून तशीच राहू दे.

तू घर आवरलंस? तू? जिचा एक मोजा कपाटात आणि दुसरा पिठाच्या डब्यामागे सापडायचा? बरं, लग्नानंतर माणूस बदलतं म्हणतात. मी पन्नास वर्षं वाट बघितली, तुझे आजोबा काही बदलले नाहीत.

उकरू नकोस. तुला झोपेतून पांघरूण काढून कुणी विचारलं, 'उठलीस का?' तर कसं वाटेल?

उरलं असेल तर बरणीतलं बी हातावर घे. मिरचीचं पिवळं, चपटं, गोल. वांग्याचं बारीक, तपकिरी, गुळगुळीत. टोमॅटोच्या बीला लव असते, मांजराच्या कानासारखी. दोन्ही टोमॅटोंचं बी मात्र सारखंच. ते बीवरून मलाही कळणार नाही, पान आलं की कळेल. कोंबाची पहिली दोन पानं सगळ्यांची सारखी, ती मोजू नकोस. त्यानंतरचं बघ. बाजारच्या टोमॅटोचं पान करवतीसारखं कापलेलं. कुबड्याचं पान बटाट्याच्या पानासारखं, सरळ कडेचं, एक दातही नाही. माझ्यासारखं.

उगवली की मला नीट कळव. उंच किती, देठ कसा, रंग कसा, कुठल्या बाजूला कलतात. फक्त 'छान आहेत' लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

आजी

(जावईबापूंना फोन केला होता. म्हणाले, ती कामात आहे. कामाचं इतकं ओझं घेऊ नकोस. वीस एप्रिलच्या सुमाराला मीच तिकडे चक्कर टाकतो, दोघांना भेटतो. — बाबा)


३ मार्च

प्रिय आजी,

चौदा उगवली! पहिल्या दिवशी सकाळी एक दिसलं, दुपारच्या चहापर्यंत पाच. मी कवळीचं मेण तापवायला ठेवून बघायला गेले, मेण करपलं, मालक ओरडले. म्हणाले, तुमच्या पायाला चाकं लावलीत का?

तू विचारलंस तसं सांगते. उंची माझ्या मधल्या बोटाएवढी. देठ शिवायच्या दोऱ्यासारखा, पांढुरका. पानं फिकट. सगळी डावीकडे कलतात. मी पेले फिरवून ठेवते, दुसऱ्या दिवशी परत मान वळवून डावीकडेच. किती भरभर वाढताहेत बघ!

खिडकी मोठी आहे, ऊन भरपूर. ह्यांनाही रोपं आवडली. बाबांनी मुद्दाम येण्याची दगदग करू नये, आम्हीच सवडीने येऊ.

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

आजचं अक्षर वेगळं दिसेल, गोल आणि मोठं. हे टेलरबाईंचं. आपल्या जिन्याखाली त्यांचं दुकान, तिथे मापं घ्यायच्या स्टुलावर बसून सांगतेय. घरी सांगितलंय, ब्लाउज सैल करायचाय. टेलरबाईंच्या तोंडात सदा टाचण्या असतात, त्यामुळे गोष्ट बाहेर जायची भीती कमी. यापुढे तूही दुकानाच्याच पत्त्यावर लिही.

तुझं पत्र बाबांनी वाचलं. 'खिडकी मोठी आहे, ऊन भरपूर' इथे ते खूश झाले. मी त्याच्या आधीचं धरून बसले. बोटभर लांब, दोऱ्यासारखी, फिकट, सगळी एका बाजूला. भिंगरे, मला अक्षर वाचता येत नाही, रोप येतं. भरपूर उन्हातलं रोप असं मान लांब करून बघत नाही. ते बुटकं, जाड आणि माजोरडं असतं. अंधारातलं रोप उंच होतं, कारण ते उजेड शोधत असतं. लोकांना वाटतं वाढतंय.

पूर्वेच्या खिडकीत ही रोपं नाहीत. आणि जिथे रोपं, तिथेच तू. दिवसातून दहादा बघतेस, ते काय बसने जाऊन बघतेस?

पत्रं लॅबच्या पत्त्यावर. घर आवरलं म्हणे. मी म्हातारी आहे, खुळी नाही.

कुठे आहेस ते खरं लिही. नुसतं 'ठीक आहे' नको.

रोपांचं सांगते, कारण त्यांना थांबायला वेळ नाही. सगळी खोल पेल्यांत हलव, देठ पानांपर्यंत मातीत पूर, पुरलेल्या देठाला मुळं फुटतात. आणि रोज त्यांच्यावरून हात फिरव, हलक्या हाताने. वारा लागल्यासारखं वाटतं त्यांना, देठ जाड होतो.

आजी

(मी टेलर. आजी 'हे लिहू नका' म्हणाल्या, म्हणून त्यांची पाठ वळल्यावर लिहितेय. त्यांचा बियाण्याचा पत्र्याचा डबा गळक्या छपराखाली राहिला, सगळं बी बुरशीने गेलं. तुमच्याकडचं तेवढंच उरलंय. आणि त्या जिन्यावर घसरल्या होत्या. गुडघा सुजलाय. रोज मात्र तोच जिना उतरून येतात.)


१७ मार्च

आजी,

टेलरबाई, हे वाचताना 'अठरा दिवस' आलं की जरा थांबा आणि आजीला पाणी द्या.

मी लॅबच्या सामानाच्या खोलीत राहते, जानेवारीपासून. मालकांना माहीत आहे. एक खाट आहे, स्टोव्ह आहे, आणि तीन भिंतींवर फळ्या. फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, तीनशे तरी असतील. सगळे माझ्याकडे बघून हसतात. खिडकी आहे, टॉवेलएवढी. ती चार इमारतींच्या मधल्या बोळकांडात उघडते. डावीकडेच आहे.

त्याने मारलं वगैरे नाही. आवाजही चढवला नाही कधी. तो बोलायचा बंद व्हायचा. आधी एक दिवस, मग तीन. मी बशी चुकीच्या खणात ठेवली म्हणून, हसले म्हणून. विचारलं तर म्हणायचा, 'मी कुठे रागावलोय?' शेवटी अठरा दिवस. जेवायला समोर बसायचा आणि माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचा. आजी, सोळाव्या दिवशी मी आरशात बघून खात्री केली, मी दिसते का ते.

पुड्या त्यानेच उघडल्या. दोरे गुंतलेले दिसतात म्हणून. एक बरणी, एक चिठ्ठी, सुबक अक्षरात 'बिया'. माझ्याकडे वळून बघितलंही नाही. कचऱ्याच्या टोपलीत तुझ्या गाठी पडलेल्या दिसल्या आणि मी पिशवी भरली. कपडे कमी घेतले, बरणी घेतली.

घरी लिहिलं नाही, कारण पत्र बाबा वाचतात. लग्न त्यांनीच ठरवलं होतं, किती आनंदाने. त्यांनी ते मोठ्याने वाचायचं आणि तू ऐकायचं, हे मला डोळ्यांसमोर आणवेना.

आता कुठेच बसवत नाही. खाटेवर बसले की उभी राहते, उभी राहिले की पेले फिरवते. चौदातली सहा मानेशी काळी पडून आडवी झाली. आठ उरली. दोन मिरच्या, एक वांगं, पाच टोमॅटो. पाचांतले कुबडे किती, अजून कळत नाही. आणि एकही नसला तर? डब्याचं मला आधी का नाही सांगितलंस? गुडघ्याचं?

भिंगरी


२५ मार्च

भिंगरे,

पाणी प्यायले. टेलरबाईही प्यायल्या. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि जे बोलल्या ते त्या स्वतः लिहायला तयार नाहीत.

डब्याचं सांगितलं नाही, कारण तू घाबरून पाणी जास्त घातलं असतंस. तरी घातलंसच. मानेशी काळी पडली म्हणजे पाणी जास्त. वरची माती कोरडी होईपर्यंत हात मागे बांधून ठेव. गुडघ्याबद्दल टेलरबाईंशी माझं भांडण झालंय, ते मिटलं की बोलू.

निघालीस ते बरं केलंस. याहून जास्त मी सांगणार नाही. सांगायला लागले तर दिवस पुरणार नाही, आणि इथे एका बाईला कोट न्यायचाय.

तुझे बाबा मात्र वीस तारखेला निघतायत. जावईबापूंच्या नळासाठी नवी तोटी घेऊन ठेवलीय. त्या दारात उभं राहून त्यांना कळावं असं मला वाटत नाही. मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर ते माझं गाऱ्हाणं होईल आणि आम्ही दोघं भांडत बसू. तू सांग. वीसच्या आत. घाबरलीस तरी सांग.

रोपांना आता बाहेरची सवय लाव. एकदम उन्हात ठेवलीस तर करपतील. पहिल्या दिवशी तासभर, आडोशाला. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग थोडं ऊन, थोडा वारा. आठवडाभर असं आत-बाहेर. कंटाळवाणं काम आहे. तुझ्यासारखीला बरं, उठबस होते.

आजी


८ एप्रिल

आजी,

लॅबच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे आडोसा आहे. मी रोज पेले ट्रेमध्ये घालून तीन जिने वर नेते आणि खाली आणते. पाचव्या दिवशी वारा सुटला, मी खाली एका दाताला चकाकी देत होते, धावत गेले तोवर दोन मोडली होती.

मोडलेली दोन्ही करवतीच्या पानांची. उरलेल्या तिनांतली दोनही तशीच.

एकाचं पान सरळ कडेचं आहे. मी बोट फिरवून बघितलं, परत परत बघितलं. एक दातही नाही. आजी, कुबडा एकच आहे. एकच. आता तर त्याच्याकडे बघायचीही भीती वाटते.

काल बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, त्यांना मध्ये बोलू न देता. मग मी थांबले. ते काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने फोन ठेवल्याचा आवाज आला. आजी, तेही बोलायचे बंद झाले तर मी काय करू?

भिंगरी


१४ एप्रिल

भिंगरे,

तुझे बाबा दोन दिवस बोलले नाहीत. मी पण मनात म्हटलं, हाही त्याच शाळेत गेला की काय. जेवताना त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि कवळी वाजवत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आई, बस कर."

"तू बोल, मी बस करते."

"काय बोलू? मीच तो मुलगा पसंत केला. म्हटलं, किती शांत आहे."

मग उठून गेले. मला वाटलं, चालायला गेले. संध्याकाळी टेलरबाईंच्या दुकानात आले. मी स्टुलावर! चोरी पकडली गेली. माझ्याकडे बघितलं, टेलरबाईंच्या हातातल्या कागदाकडे बघितलं, आणि विचारलं, "तिच्याकडे बादली आहे का?"

"कसली बादली?"

"टोमॅटो काय पेल्यात वाढवणार आहे?"

तर वीस तारखेला ते येताहेत. तिकडे नाही, तुझ्याकडे. मोठी बादली आणलीय, तळाला भोकं पाडलीत, सगळी एका मापाची, कडा घासून गुळगुळीत केल्यात. तोटीही बरोबर घेतायत. म्हणतात, तिच्या खोलीत नळ गळत असेल. गळत नसला तर आधी थोडा सैल करून ठेव.

आजी


२२ मे

आजी,

नळाला नवी तोटी बसली. बाबांनीच लॅबमागच्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली शोधली, पुढे उघडी गच्ची. ऊन एवढं की डोळे दिपतात. जाताना म्हणाले, "मला फोन करत जा, मी बोलेन." आणि खरंच बोलतात, हवामानावर का होईना.

कुबडा बादलीत कमरेएवढा झालाय. पण फुलं येतात आणि गळतात. सात गळाली. दर वेळी वाटतं, ही शेवटची. मी काय चुकवतेय?

भिंगरी


२८ मे

भिंगरे,

काही चुकवत नाहीस. एवढ्या उंच गच्चीवर फुलं हलवायला भुंगे येत नाहीत. सकाळी फुलाच्या देठाला टिचकी मार, हलकी. आतली पूड आतच झडली पाहिजे. आणि पहिला कुबडा खायचा नाही, कितीही पिकला तरी. बीला ठेवायचा. गर पाण्यात तीन दिवस कुजवून, बी धुऊन कागदावर वाळवायचं.

माझा गुडघा छान आहे. (नाहीये. — टेलर)

आजी


१९ जुलै

भिंगरे,

परवा तुझं पाकीट आलं तेव्हा टेलरबाई भाचीकडे गेलेल्या, तुझे बाबा कामावर. पाकीट हातात घेऊन मी घरात चार चकरा मारल्या. उघडून करू काय, आत मुंग्यांसारखी अक्षरंच असणार. शेवटी धीर सुटला, कात्री घेतली.

आत अक्षर नव्हतंच.

एक पुडी निघाली. दोऱ्याला गाठी. मी बोटाने मोजल्या, एक, दोन, तीन. बी हातावर घेतलं. लव होती. किती वेळ तसाच हात धरून बसले कोण जाणे.

मग पाकीट उलटं केलं. एक चावी पडली. तिलाही दोरा. एक, दोन, तीन, चार.

भिंगरे, आयुष्यात पहिल्यांदा पत्र मी स्वतः वाचलं. कुणाला विचारावं लागलं नाही.

टेलरबाई आज परत आल्या म्हणून उत्तर आज. लिहिताना डोळे पुसतात. विचारलं तर म्हणतात, टाचणी टोचली.

तुझे बाबा म्हणतात, या गुडघ्याने एवढा प्रवास झेपणार नाही. मी म्हटलं, रोपाला लावतात तशी सवय लावते. काल जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेले, आज दवाखान्यापर्यंत. उद्या बसच्या थांब्यापर्यंत जाऊन परत येईन. रविवारी परत येणार नाही.

स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, काम सोडून दाराशी ताटकळू नकोस. माझ्याकडे चावी आहे.

आजी